‘डिस्प्ले गेला’ म्हणण्याआधी : ग्राफिक एलसीडीचा बिघाड कसा शोधायचा

मशीन चालू आहे, बझर वाजतोय, बटण दाबलं की रिले टिकटिक करतो, पण पडद्यावर काही नाही. असं कार्ड टेबलावर आलं की नवशिका लगेच ‘डिस्प्ले गेला’ म्हणतो आणि नवा मागवतो. नवा येतो, लागतो, आणि पडदा तसाच कोरा. पैसे गेले, गिऱ्हाइकाचा विश्वासही गेला. अशा केसमध्ये काच बहुतेक वेळा ठणठणीत असते. बिघाड काचेच्या आसपास असतो : पुरवठा, कॉन्ट्रास्टचं व्होल्टेज, केबल, एखादा सुकलेला कॅपॅसिटर.

हा लेख नुकतेच दुरुस्तीच्या कामाला लागलेल्यांसाठी आहे. आयटीआय, डिप्लोमा झालेले, किंवा घरीच शिकलेले, सगळ्यांना चालेल. विषय फक्त एकरंगी ग्राफिक एलसीडीचा : १२८×६४ किंवा २४०×१२८ ठिपक्यांचे, निळे किंवा पोपटी पडदे. यूपीएस, जनरेटरचं कंट्रोलर पॅनेल, प्रयोगशाळेतली उपकरणं, थ्रीडी प्रिंटर यांवर ते दिसतात. मोबाइल-टीव्हीचे रंगीत पडदे हा वेगळा धंदा आहे, तो इथे नको.

आधी जमवायचं सामान

- डिजिटल मल्टिमीटर, बारीक टोकांच्या प्रोबसह
- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, डिसोल्डर विक
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, खोडरबर, भिंग, टॉर्च
- १० किंवा २० किलोओहमचा एक प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर)
- ५ व्होल्टचा, करंट मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय
- सीआरओ (ऑसिलोस्कोप) असेल तर उत्तम. नसेल तर लॉजिक प्रोबवर बरंच भागतं
- एक अर्डुइनो युनो

कागदपत्रांत दोनच गोष्टी : मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर ते, आणि डिस्प्लेच्या पाठीवर छापलेल्या नंबरची डेटाशीट. दुसरीशिवाय पुढे जाऊ नका. आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा, केबलची लाल कड कोणत्या बाजूला होती ते दिसेल असे.

१. उघडण्याआधी

यूपीएसमध्ये मेन्स बंद केल्यावरही डीसी बसवर जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असतं. कॅपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. जुन्या मशीनमध्ये मेमरीची बॅटरी असते, ती काढली की मशीनचे पॅरामीटर पुसले जातात. डिस्प्ले दुरुस्त होतो आणि मशीन मात्र वेडं होतं. म्हणून पॅरामीटर उतरवून घ्या, पडदा दिसत नसेल तर बॅटरीला हातच लावू नका.

वजनकाटा असेल तर थांबा. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचं सील असतं. २००९ च्या कायद्यानुसार वजन-मापं दुरुस्त करायला परवाना लागतो आणि सील तुटलं की फेरपडताळणी करून घ्यावी लागते. परवाना नसेल तर ते काम परवानाधारकाकडे पाठवा. ओळखीचं गिऱ्हाईक ‘काही होत नाही हो’ म्हणेल. दंड भरायला ते येत नाही.

२. पडदा नीट बघा

मीटर हातात घेण्याआधी पडद्याकडे दोन मिनिटं नुसतं बघा. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च तिरपा मारा, पडदा वर-खाली कलवून बघा. काय दिसतं त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

- उजेड आहे, पण अक्षर नाही. तिरपं बघितल्यावर पुसट अक्षरं दिसतात : कॉन्ट्रास्ट. मुद्दा ४.
- उजेड नाही, टॉर्चखाली अक्षरं दिसतात : फक्त बॅकलाइट. मुद्दा ५.
- अख्खा पडदा काळा ठोकळा : कॉन्ट्रास्ट दुसऱ्या टोकाला गेलाय, मुद्दा ४ च.
- डावा किंवा उजवा अर्धा भाग बंद : चिप सिलेक्टची (सीएस) म्हणजे तो अर्धा निवडणारी लाइन, नाहीतर त्या अर्ध्याची ड्रायव्हर चिप. मुद्दा ६.
- ठिपक्यांचा कचरा, सरकलेली अक्षरं : डेटा लाइन, केबल. मुद्दा ६.
- एखादी उभी किंवा आडवी रेघ गायब : काचेचा जोड. मुद्दा ७.
- शाई सांडल्यासारखा काळा डाग : काच तडकली आहे. इथे मात्र खरंच डिस्प्ले गेला. वेळ घालवू नका.

आणखी एक. बऱ्याच कंट्रोलरांवर कॉन्ट्रास्ट मेनूतून किंवा दोन बटणं एकत्र दाबून बदलतो. रात्रपाळीच्या कोणीतरी चुकून तो शून्यावर नेलेला असतो. मॅन्युअलमधलं ते पान आधी उघडा. या दुरुस्तीला काही खर्च नाही.

३. मॉड्यूल कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

१२८×६४ च्या मॉड्यूलांत दोन जाती सगळ्यात जास्त भेटतात. एक केएस०१०८ ची (हीच चिप पुढे एस६बी०१०८ या नावाने आली, एनटी७१०८ ही तिचीच सोयरी) आणि दुसरी एसटी७९२० ची. दोन्हींना २० पिना, दोन्हींचा आकार सारखा. पाठीमागचे काळे थेंब (चिपवर ओतलेला काळा इपॉक्सी) मोजून जात ओळखता येत नाही, दोन्हींवर तीन थेंब असू शकतात. पिनांजवळचं छापील नाव वाचा : १५ नंबरच्या पिनेजवळ ‘सीएस१’ लिहिलं असेल तर बहुधा केएस०१०८, ‘पीएसबी’ (पॅरलल की सिरीयल मोड ते ठरवणारी पिन) असेल तर एसटी७९२०.

छपाई पुसली असेल तर बिघाडच ओळख पटवतो. केएस०१०८ मध्ये पडदा डावा-उजवा असा ६४-६४ स्तंभांत वाटलेला असतो आणि उभी रेघ गेली तर ती वरपासून खालपर्यंत जाते. एसटी७९२० ची चिप ३२ ओळींचीच. त्यामुळे मॉड्यूल आतून २५६×३२ असं जोडलेलं असतं आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग म्हणजे पुढचे १२८ स्तंभ. म्हणून त्यात उभी रेघ जाते ती अर्ध्या उंचीचीच, आणि आडवी ओळ गेली तर बरोबर ३२ ओळी सोडून तिची जोडीदारही जाते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

मोठ्या २४०×१२८ पडद्यावर बहुतेक तोशिबाची टी६९६३सी असते. आणि काचेवरच चिप चिकटवलेली, एका पातळ फ्लेक्सवर (वाकणाऱ्या छापील पट्टीवर) लटकणारी, एसटी७५६५ सारखी जात असते. तिच्यात कॉन्ट्रास्ट प्रोग्राममधून ठरतो, त्यामुळे प्रीसेट शोधत बसू नका. तिचं व्होल्टेज वाढवणारे छोटे कॅपॅसिटर बहुतेक मुख्य कार्डावर असतात, पडदा फिका असेल तर ते बदलून बघा. फ्लेक्स फाटली असेल तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका.

४. पाच व्होल्ट आणि कॉन्ट्रास्ट : बहुतेक केस इथेच सुटतात

पहिल्यांदा व्हीएसएस (ग्राउंड) आणि व्हीडीडी (पाच व्होल्ट) या पिनांवर पुरवठा मोजा, तोही केबल लागलेली असताना आणि डिस्प्लेच्या पिनांवरच. कार्डाच्या टोकाला ५.० आणि डिस्प्लेवर ४.३ दिसत असेल तर मधली केबल किंवा कनेक्टर व्होल्टेज खातोय. नंतर रिसेटची पिन बघा. १२८×६४ च्या मॉड्यूलांत ती बहुधा १७ नंबरची. ती सतत खाली राहिली तर पडदा उघडणारच नाही, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो.

आता व्ही०. ही कॉन्ट्रास्टची पिन, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथे अडतात. केएस०१०८ च्या मॉड्यूलला काच काळी करायला पाच व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून निगेटिव्ह व्होल्टेज लागतं. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावून व्ही० वर ‘-३.६’ दिसलं की माणूस गोंधळतो. सोपी रीत अशी : लाल प्रोब व्हीडीडीवर, काळा व्ही० वर. या दोहोंतला फरक साधारण ८ ते ९.५ व्होल्ट असेल तर कॉन्ट्रास्ट ठीक आहे. ५ च्या आसपासच असेल तर निगेटिव्ह येतच नाहीये, आणि पडदा कोरा का आहे ते कळलं. टी६९६३सी च्या मोठ्या पडद्यात हाच फरक १५ ते २० व्होल्टपर्यंत असतो, नक्की आकडा डेटाशीटमध्ये बघा. एसटी७९२० मध्ये मात्र निगेटिव्ह शोधू नका. ती चिप आपल्या पुरवठ्यावरून वरचं व्होल्टेज बनवते, व्ही० ग्राउंडच्या वरच असतं.

निगेटिव्ह येत नसेल तर ते बनतं कुठे ते शोधा. काही मॉड्यूलांच्या पाठीवरच आयसीएल७६६० जातीची आठ पायांची छोटी आयसी आणि दोन कॅपॅसिटर असतात. तिथे १८ नंबरची पिन आउटपुट असते. दुसऱ्या मशीनांत निगेटिव्ह मुख्य कार्डावर, बऱ्याचदा एमसी३४०६३ सारख्या आयसीवर बनतं आणि १८ नंबरच्या पिनेवरून डिस्प्लेत शिरतं. दोन्हीकडे पहिला संशयित एकच, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. गरम कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षं राहून तो सुकतो. बाहेरून फुगलेला दिसेलच असं नाही. पडदा आधी फिका पडत गेला आणि मग गेला असं गिऱ्हाईक सांगत असेल तर आधी कॅपॅसिटर बदला आणि मग बाकीचं बोला.

निगेटिव्ह आहे पण व्ही० पर्यंत पोचत नाही, असंही होतं. मग प्रीसेट बघा. तो हलक्या हाताने इकडून तिकडे फिरवा. मधेच चित्र येतं-जातं असेल तर आतला कार्बन झिजलाय. खात्री करायला तुमच्याकडचा प्रीसेट तात्पुरता जोडा : एक टोक व्हीडीडीला, दुसरं निगेटिव्हला, मधला पाय व्ही० ला. अक्षरं उमटली की जुना काढून नवा टाका.

हवामानाचाही हिशोब ठेवा. साध्या जातीचे पडदे ० ते ५० अंशांसाठी असतात, वाइड टेंपरेचरवाले उणे २० ते ७०. थंडीत पहाटे फिका आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काळपट होणारा डिस्प्ले बिघडलेला नाही, त्याचा कॉन्ट्रास्ट तापमानाबरोबर सरकतोय.

५. बॅकलाइट

एलईडीचा असेल तर काम सरळ आहे. शेवटच्या दोन पिनांवर, बहुतेक १९ आणि २० वर, व्होल्टेज मोजा. पांढऱ्या एलईडीला ३ च्या जरा वर, पोपटी जोडएलईडीला ४.२ च्या आसपास लागतं. व्होल्टेज येतंय आणि उजेड नाही तर एलईडी गेले; येत नाही तर रेझिस्टर किंवा चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बघा. एकच काळजी : काही मॉड्यूलांत सिरीज रेझिस्टर आत असतो, काहींत नसतो. थेट पाच व्होल्ट लावून ‘पेटतो का बघू’ करू नका. पेटतो, आणि लगेच विझतोही.

जुन्या मोठ्या पडद्यांत सीसीएफएल नळी (बारीक फ्लुरोसंट ट्यूब) आणि तिचा इन्व्हर्टर असतो. तिथे शेकडो व्होल्ट असतात. साधा मल्टिमीटर त्या टोकाला लावू नका, हात तर नकोच.

६. कचरा, सरकलेलं चित्र, अर्धा पडदा

आधी एफआरसी केबल, म्हणजे कार्ड आणि डिस्प्ले जोडणारी चपटी केबल. मशीन बंद करून ती काढा, पिना भिंगाखाली बघा, अल्कोहोलने पुसा, परत घट्ट बसवा. चालू मशीनमध्ये ही केबल कधीही काढू-घालू नका. निगेटिव्ह आधी पोचलं आणि पाच व्होल्ट नंतर, तर ड्रायव्हर चिप जळू शकते. मुंबई-कोकणातल्या मशीनमध्ये पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर हमखास सापडतो. मग प्रत्येक तार कार्डापासून डिस्प्लेपर्यंत कंटिन्युइटीवर तपासा, केबल हलवत हलवत. शेजारच्या दोन तारा एकमेकींना लागत नाहीत ना, तेही.

डेटाची एक तार तुटली की काय दिसतं ते समजून घेणं फायद्याचं आहे. केएस०१०८ मध्ये पडदा आठ-आठ ओळींच्या पट्ट्यांत भरला जातो. प्रत्येक बाइट म्हणजे उभे आठ ठिपके. डेटाच्या आठ तारा डीबी० ते डीबी७ : डीबी० सगळ्यात वर, डीबी७ सगळ्यात खाली. समजा डीबी३ कायम ‘वर’ अडकली. मग प्रत्येक पट्टीतली चौथी ओळ काळी दिसेल, म्हणजे दर आठ ओळींनी एक रेघ. पण कमांडही याच तारांवरून जातात. स्तंभ ० चा पत्ता ८ होतो, सुरुवातीची ओळ ० ची ८ होते. म्हणून चित्र आठ ठिपके बाजूला आणि आठ ठिपके वर सरकतं, आणि बाहेर पडलेला भाग विरुद्ध कडेला उगवतो. असा पडदा समोर आला की केबलच्या सगळ्या तारांशी झटापट करायची गरज नाही, कोणती तार ते पडद्यानेच सांगितलंय. डीबी३ ऐवजी डीबी७ किंवा डीबी६ गेली तर कमांडचा प्रकारच बदलतो आणि काहीच धड दिसत नाही.

अर्धा पडदा बंद असेल तर सीएस१ आणि सीएस२ वर सीआरओ लावा. दोन्हींवर हालचाल हवी, आणि ई (एनेबल) पिनेवर पल्स हवेत. सीआरओ नसेल तर लॉजिक प्रोब. मल्टिमीटरवर मधलंच काहीतरी व्होल्टेज दिसतं, त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. पल्स येत असूनही तो अर्धा गप्प असेल तर मॉड्यूल बदला. थेंबाखालची चिप बदलता येत नाही.

थ्रीडी प्रिंटरवाल्यांसाठी दोन ओळी. एसटी७९२० चा पडदा मोटार किंवा हीटर चालू झाला की कचरा दाखवत असेल तर लांब केबलवर नॉइज येतोय. केबल आखूड करा, मोटारच्या तारांपासून लांब न्या. मार्लिन या प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये या चिपच्या विलंबाच्या सेटिंग आहेत, त्या जरा वाढवा. आणि नवीन जोडणीत पडदा नुसता निळा राहिला तर डिस्प्लेच्या केबलचे ईएक्सपी१ आणि ईएक्सपी२ हे कनेक्टर उलटे बसवलेले नाहीत ना ते बघा. काही नकली बोर्डांवर खाचच उलट्या बाजूला असते.

७. गायब रेघा आणि झेब्रा स्ट्रिप

काच आणि पीसीबी यांच्यामध्ये एक रबरी पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या बारीक थरांची. हीच झेब्रा स्ट्रिप. काळा थर वीज नेतो, पांढरा अडवतो. मशीनचे हादरे, दमट हवा, सैल झालेली फ्रेम यांनी जोड सुटतो आणि रेघा जातात.

आधी मशीन चालू ठेवून काचेची कड खोडरबराने हळूच दाबा. रेघ परत आली तर दुरुस्ती होणार. मग बंद करून :

१. मॉड्यूलच्या पाठीमागचे पत्र्याचे कान पकडीने सरळ करा. तीन-चारदा वाकवले की ते तुटतात, म्हणून एकदाच आणि सावकाश.
२. फ्रेम उचला. पट्टी कोणत्या बाजूने कशी बसली होती त्याचा फोटो काढा. पट्टी चिमट्याने धरा, बोटांनी नाही. बोटांचं तेल लागलं की परत तोच त्रास.
३. पीसीबीवरचे सोनेरी पॅड, पट्टीच्या कडा आणि काचेची कड अल्कोहोलने भिजवलेल्या काडीने पुसा. काचेवरचे मार्ग डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते आहेत. तिथे खोडरबर किंवा ब्लेड घासलंत तर रेघ कायमची गेली.
४. सगळं पूर्ण वाळू द्या. परत बसवताना समोरासमोरचे कान थोडे थोडे पिळत जा. एकच कोपरा आधी आवळला की दुसऱ्या टोकाच्या रेघा जातात.

थिनर, ॲसिटोन पडद्याजवळ आणू नका, पोलरायझर (काचेवर चिकटवलेली पातळ फिल्म) पांढराफटक होतो.

काही जुन्या उपकरणांत झेब्राऐवजी उष्णतेने चिकटवलेली पातळ रिबन असते. सिलिकॉनचा तुकडा मध्ये ठेवून, आयर्न कमी तापमानावर ठेवून ती परत दाबता येते. जमतं, पण प्रत्येक वेळी नाही. गिऱ्हाइकाला तसं सांगूनच हात लावा.

आणि डिस्प्ले उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, पडद्यावर बुडबुडे किंवा तपकिरी सावली दिसली, तर पोलरायझरची फिल्म कुजली आहे. काच चांगली असते. फिल्म बदलता येते, पण कोन जुळवावा लागतो : नव्वद अंशांनी चुकली की काळ्याचं पांढरं होतं. दुर्मिळ उपकरणासाठी हा खटाटोप करावा, चारशे-पाचशेच्या मॉड्यूलसाठी नाही.

८. मॉड्यूल वेगळं काढून तपासा

दोष कार्डात की डिस्प्लेत, हा वाद मिटवायला अर्डुइनो युनोसारखं साधन नाही. यू८जी२ ही मोफत लायब्ररी एसटी७९२०, केएस०१०८, टी६९६३सी, एसटी७५६५ या सगळ्या चालवते. तिच्यातलं ग्राफिक्स टेस्टचं उदाहरण घ्या, आपल्या चिपची ओळ उघडा आणि चालवा. एसटी७९२० ला सिरीयल मोडमध्ये तीनच सिग्नल पुरतात, त्यासाठी पीएसबी ग्राउंडला जोडायची. पण जोडण्याआधी कंटिन्युइटी बघा. काही मॉड्यूलवर झीरो ओहमच्या रेझिस्टरने पीएसबी थेट पाच व्होल्टला बांधलेली असते, आणि तुम्ही ती ग्राउंड केलीत की सप्लायच शॉर्ट होतो. तो रेझिस्टर आधी काढा. केएस०१०८ ला तारा पुष्कळ लागतात. वारंवार हे काम येत असेल तर एका व्हेरोबोर्डवर २० पिनांचं सॉकेट कायमचं बांधून ठेवा.

३.३ व्होल्टचं कंट्रोलर बोर्ड वापरू नका. पाच व्होल्टवर चालणारी एसटी७९२० साडेतीनच्या खालचं सिग्नल ‘वर’ धरेलच याची खात्री नाही, आणि चांगलं मॉड्यूल विनाकारण नापास होईल.

९. बदलायचाच असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा भाग, तिथे मॉड्यूल मिळतात. ‘१२८ बाय ६४ द्या’ एवढंच सांगू नका, जुना तुकडा खिशात घेऊन जा. दुकानातच हे जुळवा :

- चिपची जात. केएस०१०८ च्या जागी एसटी७९२० चालत नाही, पिना कितीही सारख्या दिसोत.
- १ आणि २ नंबरच्या पिना. काही मॉड्यूलांत ग्राउंड आणि पाच व्होल्ट उलटे असतात. चुकलं तर मॉड्यूल जागेवर मरतं.
- सीएस वर केल्यावर चालतो की खाली केल्यावर. दोन्ही प्रकार बाजारात आहेत.
- १८ नंबरच्या पिनेतून निगेटिव्ह बाहेर येतं की आत जातं.
- बॅकलाइटचा रेझिस्टर आत आहे का.
- स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि दिसणारी खिडकी. हे सगळ्यात शेवटी आठवतं, आणि मग कॅबिनेट कानसावं लागतं.

पहिल्यांदा पॉवर देताना करंट मर्यादा लावलेला सप्लाय वापरा आणि थेंबांवर बोट ठेवा. गरम लागला की लगेच बंद. डावा-उजवा भाग अदलाबदल झालेला दिसला तर सीएस१-सीएस२ उलटे लागलेत, मॉड्यूल ठीक आहे. मशीन बंद करून बसवल्यानंतर कॉन्ट्रास्ट लगेच ठरवू नका. झाकण लावून अर्धा तास चालू द्या, आतली हवा तापली की प्रीसेट फिरवा, आणि ऑपरेटर जिथे उभा राहतो तिथून बघून घ्या.